ऑफिसचा एसी किती अंशांवर ठेवायचा? आधी खुर्चीपाशी मोजा

तुमच्या प्रश्नातून मला समजलेलं चित्र असं: पुण्यातलं ऑफिस, इमारतीचा सगळ्यात वरचा मजला, साधारण १,४०० चौरस फुटांचा सलग हॉल, २६ माणसं, छतात ३-३ टनांच्या तीन कॅसेट, म्हणजे छतात बसवलेले, चारही बाजूंच्या तोंडांतून हवा सोडणारे चौकोनी एसी. पश्चिमेला पूर्ण काच. काचेकडची मंडळी दुपारी रिमोट २० वर नेतात. मधल्या कॅसेटखाली बसणाऱ्या दोघी दिवसभर शाल पांघरून काम करतात, त्यातल्या एकीने टेबलाखाली हीटर ठेवलाय. कुणीतरी कॅसेटच्या एका तोंडावर पुठ्ठा चिकटवलाय. अ‍ॅडमिन तुमच्याकडे, त्यामुळे दोन्हीकडची बोलणी तुम्हालाच. आणि तुमचं विचारणं असं की नियमाप्रमाणे तापमान किती असावं ते सांगा, तोच आकडा भिंतीवर लावून टाकतो.

आकडा हवाच असेल तर उन्हाळ्यात अशा हॉलला तिन्ही मशीनवर २५ आणि काचेकडे पंखे, इथून सुरुवात करा. पण नुसता हा आकडा उद्या भिंतीवर लावलात तर परवा दुपारी तुमच्याकडे आज येतात तेवढ्याच तक्रारी येतील. कारण तुमच्या एका हॉलमध्ये एकाच वेळी दोन ऋतू आहेत. काचेजवळच्या माणसाला खरोखर उकडतंय आणि कॅसेटखालच्या बाईंना खरोखर गारठा लागतोय. नखरे कुणीच करत नाहीये. दोघांना एक आकडा लावणं म्हणजे दोघांना एकाच नंबरचा चष्मा देणं.

नियमाचं आधी मिटवू. ‘सरकारने २४ ठरवलंय’ असं ऑफिसात हमखास कुणीतरी म्हणतं. २०१८ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने मोठ्या व्यापारी आस्थापनांना २४ ते २६ ची शिफारस केली होती, आणि १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले रूम एसी कारखान्यातूनच २४ वर लावलेले यायला लागले. याचा अर्थ मशीन सुरू करताना २४ दिसेल, एवढाच. पुढे रिमोटने खाली-वर करायला कुणाची बंदी नाही. बचतीचा मुद्दा मात्र खरा आहे. वीज बचतीचं काम बघणाऱ्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या सरकारी संस्थेच्या हिशेबाने एक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणजे व्यवस्थापनाशी बोलताना हा आकडा वापरा. शालवाल्या दोघींशी बोलताना नको, त्यांचा प्रश्न विजेचा नाही.

आता मुख्य गोष्ट. रिमोटवर दिसणारा आकडा तुमच्या खुर्चीपाशी असतोच असं नाही. कॅसेटच्या मधल्या जाळीतून खोलीतली हवा परत आत ओढली जाते. त्या वाटेवर एक छोटा सेन्सर असतो आणि तो सांगेल तेच खोलीचं तापमान, असं मशीन धरून चालतं. हा सेन्सर छतात, जमिनीपासून साडेआठ-नऊ फुटांवर. वरच्या मजल्याचा स्लॅब दुपारी तापलेला असतो, गरम हवा वर साचते. त्यामुळे सेन्सर २५ वाचत असताना खाली टेबलापाशी २३ किंवा त्याहूनही कमी असू शकतं.

उलटंही होतं, आणि तुमच्याकडे बहुधा तेच होतंय. कॅसेटच्या तोंडावर पुठ्ठा लावला की तिथून निघालेली गार हवा पुढे जात नाही, वळून तिथल्या तिथे मधल्या जाळीत शिरते. सेन्सरला वाटतं, झाली खोली गार. कॉम्प्रेसर थांबतो किंवा मंद होतो आणि काचेकडे २८ चे २८ राहतात. मग तिकडचा माणूस रिमोट उचलून २० करतो. म्हणजे गारठ्यावर उपाय म्हणून लावलेल्या पुठ्ठ्यानेच पलीकडचा उकाडा वाढवला आणि त्या उकाड्याने पुन्हा गारठा वाढवला. दोन्ही बाजू एकमेकांना दोष देतात, आणि भांडण मुळात अर्ध्या फुटाच्या पुठ्ठ्याचं असतं.

शिवाय एक बारीक गोष्ट तपासा. एकाच कंपनीच्या तिन्ही कॅसेटना बऱ्याचदा एकच हातातला रिमोट चालतो. काचेकडच्या मशीनकडे रोखून २० केलं तरी मधलं मशीनही ‘पीं’ करून २० वर जातं. ऐकून बघा, एकदा दाबल्यावर किती मशीन वाजतात. एकाहून जास्त वाजत असतील तर निम्मा खुलासा तिथेच झाला. भिंतीवरचा वायरवाला रिमोट असेल तर बहुतेक मशीनमध्ये छतातल्या सेन्सरऐवजी त्या रिमोटमधला सेन्सर निवडता येतो. सर्व्हिसवाल्याला सेटिंग बदलायला पाच-दहा मिनिटं लागतात. फक्त तो रिमोट योग्य जागी हवा: जमिनीपासून पाचेक फुटांवर, ऊन न पडणाऱ्या भिंतीवर, प्रिंटर, पँट्रीचं दार आणि एसीचा थेट झोत यांपासून लांब. प्रिंटरच्या मागे असलेला रिमोट दिवसभर प्रिंटरचंच तापमान सांगतो.

शरीराला गार वाटेल की गरम हे सहा गोष्टींवर ठरतं: हवेचं तापमान, आजूबाजूच्या पृष्ठभागांचं तापमान, हवेचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे, आणि शरीर त्या वेळी किती काम करतंय. रिमोटने यातली पहिलीच थेट हलते. काचेजवळच्या खुर्चीचा हिशेब करून दाखवतो. समजा हवा २४ आहे. दुपारी साडेतीनला काचेचा आतला पृष्ठभाग ४० वर गेलाय आणि बाकी भिंती, छत, फर्निचर २५ च्या आसपास आहे. काचेला खेटून बसलेल्या माणसाच्या आजूबाजूचा साधारण एक तृतीयांश भाग काच असेल, तर त्याच्या भोवतालच्या पृष्ठभागांची सरासरी ३० येते. हवा आणि पृष्ठभाग यांचा परिणाम संथ हवेत जवळपास निम्मा-निम्मा, म्हणून त्याच्या शरीराला जाणवणारं तापमान २७. शर्टावर थेट ऊन पडत असेल तर आणखी वर. त्याने रिमोट २० केला, तो या २७ पायी. आणि मधल्या दोघींच्या मानेवर पडणारी हवा कॅसेटमधून बाहेर येताना १२ ते १४ अंशांची असते.

म्हणून आधी मोजा. पाचशे रुपयांच्या आसपास मिळणारे तापमान आणि आर्द्रता दाखवणारे चार छोटे डिजिटल मीटर घ्या. पहिल्या दिवशी चारही एकाच टेबलावर तासभर शेजारी-शेजारी ठेवा. अर्ध्या-एक अंशाचा फरक त्यांच्या-त्यांच्यातच निघतो, तो प्रत्येकावर चिकटपट्टीने लिहून टाका, नाहीतर पुढे मीटरचा फरक खोलीचा म्हणून धराल. मग एक काचेजवळ, एक मधल्या कॅसेटखाली, एक दाराकडे, एक दोन कॅसेटच्या मधोमध. ठेवायची उंची जमिनीपासून साधारण दोन फूट, म्हणजे ड्रॉवरच्या पेडेस्टलचा वरचा भाग. लॅपटॉपच्या मागून गरम हवा येते तिथे नको, थेट झोतात नको, उन्हात तर अजिबात नको. पाच कामाचे दिवस सकाळी ११, दुपारी १, ३:३० आणि ५:३० ला आकडे लिहा.

त्याच वेळी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: आत्ता इथे गार हवंय, आहे ते ठीक, की ऊब हवी? नाव लिहू नका, खुर्चीचा नंबर लिहा. आठवड्याने हॉलच्या नकाशावर हे भरलंत की ‘कोण कटकट करतं’ हा विषय संपतो आणि ‘कुठल्या खुर्च्या बिघडल्यात’ हा विषय सुरू होतो. माझ्या कामात मी हा नकाशा सगळ्यांना दिसेल असा लावायला सांगतो. उकडणाऱ्याला समोरच्याचा २१ दिसला की आवाज आपोआप खाली येतो.

झोत बघायला यंत्र लागत नाही. टिश्यू पेपरची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी फाडा, खुर्चीत बसा आणि मानेच्या उंचीवर चिमटीत धरा. पट्टी लोंबती राहिली तर ठीक. सतत फडफडत असेल तर त्या खुर्चीला झोत लागतोय. २२-२३ अंशांच्या हवेत सेकंदाला २० सेंटिमीटरहून जास्त वेगाचा वारा मानेला, खांद्यांना बोचायला लागतो, आणि स्वतःच्या हातात बंद करायची सोय नसेल तर जास्तच.

आता कॅसेटची तोंडं, इथे थोडा वेळ काढा. कॅसेटमधली गार हवा छताला चिकटून काही फूट पुढे सरकायला हवी, वाटेत खोलीतल्या हवेत मिसळायला हवी आणि मग हळूहळू खाली यायला हवी. त्यासाठी लूव्हर, म्हणजे तोंडावरच्या हवेची दिशा ठरवणाऱ्या पट्ट्या, जवळजवळ आडवे हवेत. ते खाली झुकवलेले असतील किंवा स्विंग चालू असेल, तर १३-१४ अंशांची हवा न मिसळता थेट डोक्यावर पडते. स्विंग बंद करा, लूव्हर वरच्या खाचेला लावा.

दुसरी चूक बहुतेकांना उलटी वाटते. ‘गार लागतंय, फॅन लो करा’ असं म्हणून फॅन कमी केला जातो. फॅन कमी केला की झोतात छताला चिकटून जाण्याइतका जोर उरत नाही, आणि थंड हवा जड असल्याने कॅसेटच्या काठावरूनच खाली ओघळते. वर, कमी हवेमुळे ती आणखी थंड होऊन येते. मधल्या दोघींना याचाच त्रास होत असण्याची दाट शक्यता आहे. फॅन मध्यम किंवा हाय, लूव्हर आडवे, सेटिंग एक अंश वर: हे तिन्ही एकत्र करून दोन दिवस बघा, आणि टिश्यूची पट्टी पुन्हा धरा.

तरीही एका बाजूचा झोत लागत असेल तर ते तोंड बंद करायची रीतसर सोय असते. कंपनीचे ब्लॉकिंगचे तुकडे मिळतात, आणि चारपैकी किती आणि कुठली तोंडं बंद चालतील हे मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. एकाहून जास्त बंद करण्याआधी ते बघाच. नाहीतर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा डिफ्लेक्टर, लूव्हरपासून थोडं अंतर सोडून, हवा वर आणि पुढे ढकलेल अशा कोनात. पुठ्ठा, थर्माकोल, सेलोटेप नको. अडलेल्या गार हवेने पॅनल गारठतं, पावसाळ्यात त्यावर पाणी धरतं आणि कीबोर्डवर ठिबकतं. मधली जाळी झाकली तर आणखी वाईट. कॉइलवरून, म्हणजे हवा गार करणाऱ्या आतल्या नळ्यांवरून, टनामागे साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा जायला हवी, ती बरीच घटली की कॉइलवर बर्फ धरतो आणि मग संध्याकाळी कुणालाच गार मिळत नाही.

पश्चिमेची काच. आतले ब्लाइंड ऊन अंगावर पडू देत नाहीत हे मोठं काम, पण काचेतून आत आलेली उष्णता बरीचशी खोलीतच राहते. म्हणून काचेकडची बाजू पांढरी किंवा चकचकीत असलेले ब्लाइंड घ्या, आणि ते एक वाजता पाडा. साडेतीनला उकडायला लागल्यावर पाडून फारसा उपयोग नाही, तोवर काचेलगतची टेबलं, खुर्च्या, फरशी तापलेली असते आणि ती पुढचे दोन तास उष्णता सोडत राहते. हे काम कुणाच्या तरी नावावर लावा, ‘कुणीतरी पाडेल’ म्हटलं की कुणीच पाडत नाही. काचेबाहेर सावली करता आली तर सर्वांत उत्तम, पण भाड्याच्या जागेत ते मालकावर अवलंबून. फिल्म लावायची असेल तर काच कुठल्या प्रकारची आहे हे आधी काचवाल्याकडून तपासून घ्या, काही काचा फिल्ममुळे असमान तापून तडकतात. आणि टेबलं काचेपासून तीनेक फूट आत ओढता आली तर ओढा. एक पैसा न लागणारा हा उपाय लोक सर्वांत शेवटी करतात.

गच्चीला पांढरा परावर्तक रंग दिलेला नसेल तर तो सोसायटीकडे लावून धरण्यासारखा विषय आहे, वरच्या मजल्याला त्याचा फरक पडतो.

सर्व्हिसिंगचं थोडक्यात. फिल्टर दोन आठवड्यांनी धुवायचे, तीन महिन्यांनी नव्हे. मशीन पंधरा मिनिटं पूर्ण जोरात चालल्यावर जाळीपाशी आत जाणाऱ्या आणि तोंडातून बाहेर येणाऱ्या हवेत ८ ते १२ अंशांचा फरक हवा. फरक कमी येत असेल तर गॅस कमी असू शकतो किंवा बाहेरच्या युनिटचा कॉइल मळलेला असू शकतो. फरक खूप जास्त आणि हवा मात्र मंद, तर फिल्टर किंवा आतला कॉइल तुंबलाय. तिन्ही मशीनचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. काचेकडचंच मशीन दुबळं निघालं तर वादाचं मूळ तिथे आहे आणि तुम्ही उगाच माणसांची समजूत घालत बसलात.

हे सगळं झाल्यावर रिमोट. पहिले दोन दिवस तिन्ही मशीन २५ वर ठेवा, मग मोजमाप बघून काचेकडचं दुपारी २४ वर आणा आणि मधलं २५ किंवा २६ ला राहू द्या. एका हॉलमधल्या मशीनमध्ये यापेक्षा मोठा फरक ठेवू नका. ज्याचा आकडा सर्वांत खाली तेच मशीन सगळा भार उचलतं, आणि त्याच्याखाली जो बसलाय तो भोगतो. सध्या मधलं मशीन २० वर जातं तेव्हा नेमकं हेच होतंय. सेंट्रल किंवा वायरवाला कंट्रोलर असेल तर २४ ते २६ ची मर्यादा आतून लॉक करता येते, ती करून घ्या.

बदल एका वेळी एकच अंश, आणि पुढचा बदल अर्ध्या तासाने. २० केल्याने लवकर गार होतं हा समज घालवायला हवा. जुन्या, इन्व्हर्टर नसलेल्या मशीनचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालतो नाहीतर बंद असतो, त्याला २४ सांगा की १८, वेग तोच. इन्व्हर्टर मशीन फरक जास्त असला की जोर वाढवतं हे खरं, पण खोली २८ असताना २४ सांगितलं तरी ते जवळपास पूर्ण जोरातच असतं. २० चा परिणाम दिसतो तो तासाभराने, जेव्हा २४ ला थांबायला हवं होतं आणि ते थांबत नाही.

सकाळचाही एक भाग आहे. एप्रिलमध्ये हेल्मेट घालून, सिग्नलला थांबत, जिना चढून आलेल्या माणसाचं शरीर निवायला वीस-तीस मिनिटं लागतात. त्या वेळात त्याला २५ असह्य वाटतं आणि त्याचा हात रिमोटकडे जातो. दाराजवळ एक भिंतीवरचा पंखा लावा, तिथे पाणी ठेवा. त्याला दहा मिनिटं तिथे उभं राहू द्या. हॉल उघडण्याआधी अर्धा तास एसी लावून ठेवा.

पावसाळ्यात हे गणित बदलतं. बाहेर २६-२७ आणि हवा ओली. तीन मशीन मिळून खोली पटकन २५ ला आणतात आणि थांबतात, पण ओल काढायला मशीन सलग चालावं लागतं. कॉम्प्रेसर थांबल्यावर फॅन चालूच राहिला की कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत जातं. मीटरवर २४ दिसतं, आर्द्रता ७० च्या वर, आणि सगळ्यांना चिकट वाटतं, मग रिमोट पुन्हा खाली. अशा दिवशी तीनपैकी मधलं मशीन बंद ठेवा, म्हणजे उरलेली दोन जास्त वेळ सलग चालतील आणि ओल काढतील. तेवढ्याने भागलं नाही तर तासभर ड्राय मोड. आर्द्रता ६० च्या खाली आली की तेच २५ हलकं वाटतं. मार्च ते मेमधल्या कोरड्या हवेत उलट, पुण्यात २६ आणि पंखा हे बहुतेकांना छान चालतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी खिडक्या उघडा, एसी लावूच नका, आणि दुपारी फक्त काचेकडचं एक मशीन.

खिडक्यांवरून आठवलं. ‘उकडतंय’ म्हणणाऱ्यांतल्या काहींना उकडत नसतं, कोंदट वाटत असतं. कॅसेट सहसा खोलीतलीच हवा फिरवते, बाहेरची ताजी हवा आणत नाही. २६ माणसांना आणि १,४०० चौरस फुटांना प्रचलित मानकाप्रमाणे सुमारे २१५ सीएफएम ताजी हवा लागते. नऊ इंची एक्झॉस्ट फॅन एवढं काम करतो, पण पलीकडच्या बाजूने हवा आत यायला वाट हवी, नाहीतर तो नुसता आवाज करतो. मे महिन्यात बाहेरची तापलेली हवा आत घेणं एसीला जड जातं, म्हणून तेव्हा तो सकाळी आणि पाचनंतर जास्त चालवा, पण पूर्ण बंद करू नका. दुपारी जेवणानंतरचं जड डोकं आणि जांभया यांचं खापर तापमानावर फोडण्याआधी हे करून बघा.

इतकं सगळं नीट केल्यावरही सगळे खूश होणार नाहीत, आणि तो तुमचा दोष नसेल. डेन्मार्कचे संशोधक ओले फँगर यांनी १९७० मध्ये मांडलेलं, खोलीत किती लोकांना बरं वाटेल याचं जे गणित आजही जगभर वापरतात, त्यात सर्वांत उत्तम स्थितीतही ५ टक्के लोक नाराज धरलेले आहेत. तुमच्या २६ मध्ये एक-दोन. त्या गणितातही एक त्रुटी दाखवली गेलीय. नेदरलँड्सचे संशोधक बोरिस किंग्मा आणि वाउटर व्हान मार्कन लिख्टेनबेल्ट यांनी २०१५ मध्ये मांडलं की त्यात शरीर तयार करत असलेल्या उष्णतेचा आकडा सरासरी पुरुषावरून घेतलेला आहे, आणि तो स्त्रियांना लावला तर त्यांची उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाऊ शकते. यावरून ऑफिसात ‘बायका विरुद्ध पुरुष’ असा तंटा मात्र लावू नका. दोन बायकांमध्येही मोठा फरक असतो. थायरॉइड कमी असणं, रक्त कमी असणं, रजोनिवृत्तीत एकाएकी अंग तापणं, नुकताच येऊन गेलेला ताप, यांतलं काहीही असू शकतं. आणि हे कुणाला चारचौघांत सांगायला लागू नये. ‘तुम्हालाच का थंडी वाजते?’ हा प्रश्न विचारूच नका. खुर्ची बदलून मागितली तर कारण न विचारता द्या.

उरलेल्या फरकासाठी प्रत्येकाच्या हातात स्वतःचं काहीतरी हवं. उकडणाऱ्यासाठी टेबलावरचा छोटा यूएसबी पंखा. तो जेमतेम ५ वॉट घेतो, आणि चेहऱ्यावर सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास वारा आला की दोनेक अंश कमी असल्यासारखं वाटतं. काचेकडच्या रांगेला भिंतीवरचे दोन पंखे, त्या रांगेपुरतेच, मधल्या टेबलांकडे तोंड न करता. गारठणाऱ्यासाठी पूर्ण बाह्यांचा पातळ स्वेटर सुमारे दीड अंशाचं काम करतो. पण ‘स्वेटर घाला ना’ हे उत्तर पहिलं असू शकत नाही, मानेवरचा झोत आधी काढा. मानेवर १४ अंशांची हवा पडत असताना स्वेटरने भागत नाही. आणि पाय. सँडल घातलेले पाय फरशीवर टेकून आठ तास बसलं की थंडी तिथून चढते. मोजे आणि लाकडी किंवा जाड फोमचा फूटरेस्ट याने बराच फरक पडतो.

हीटरचं शेवटी बोलतोय, पण तो तुमच्या यादीत सर्वांत घाईचा आहे. २,००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढतो. टेबलाखालच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर तो चालवणं म्हणजे वायर वितळायची वाट बघणं. यूपीएसच्या लाइनवर असेल तर शेजारच्या चार संगणकांसकट बंद पडेल. एसीच्या बाजूने बघितलं तर बसून काम करणारा माणूस सव्वाशे वॉटच्या आसपास उष्णता सोडतो, म्हणजे हा हीटर सोळा माणसं जास्तीची बसवल्यासारखा आहे. अर्ध्या टनाहून जास्त एसी निव्वळ त्याला निस्तरण्यात जातो.

तरीही आज जाऊन तो उचलू नका. त्या बाईंनी हीटर आणला, कारण आधी सांगून कुणी काही केलं नाही. आज फक्त तो यूपीएस आणि एक्स्टेन्शनवरून काढून भिंतीतल्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर, अर्ध्या जोरावर चालवायला सांगा, कागद आणि पडद्यांपासून लांब. १६ अँपिअरचा पॉइंट जवळ नसेल तर त्यांचं टेबल तात्पुरतं दुसरीकडे हलवा आणि हीटर बंद. त्याच संध्याकाळी पुठ्ठा काढा, स्विंग बंद करा, लूव्हर आडवे करा, मशीन २५ वर लावा. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीत तुम्ही स्वतः अर्धा तास बसा, मानेपाशी टिश्यूची पट्टी धरा, मीटर बघा. पायांसाठी साठ ते शंभर वॉटची, आपोआप बंद होणारी गरम मॅट मिळते, ती मागवून त्यांच्या टेबलाखाली ठेवा. पट्टी लोंबती राहिली आणि मीटर २४ च्या वर गेला की मग त्यांना विचारा, हीटर नेला तर चालेल का.